कायमस्वरूपी केशनिर्मूलन

कायमस्वरूपी केशनिर्मूलन म्हणजे शरीरावरील नको असलेले केस पुन्हा उगवू नयेत यासाठी केसांच्या मुळाशी असलेले रोमकूप निकामी करण्याची प्रक्रिया होय. वस्तरा, वॅक्स, दोरा किंवा केस काढण्याचे मलम यांनी केस तात्पुरते जातात, परंतु रोमकूप शाबूत राहत असल्यामुळे काही दिवसांत अथवा आठवड्यांत ते पुन्हा येतात. कायमस्वरूपी परिणामासाठी आज मुख्यतः दोन मार्ग मान्य आहेत : सुईद्वारे केले जाणारे विद्युत अपघटन, म्हणजेच इलेक्ट्रोलिसिस, आणि लेझर किंवा तीव्र स्पंदित प्रकाश वापरून केली जाणारी प्रकाशचिकित्सा. दोन्ही मार्गांची घरगुती उपकरणे बाजारात मिळतात. त्यामुळे हा उपचार घरी करावा की त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर त्वचेचा वर्ण, केसांचा रंग, केस वाढण्याचे कारण आणि उपचाराची जागा या चार गोष्टींवर अवलंबून असते.

संज्ञा आणि व्याख्या

जाहिरातींत 'कायमचे' हा शब्द सैलपणे वापरला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, याबाबत भेद केला आहे. सुईच्या विद्युत अपघटनास ही संस्था 'कायमस्वरूपी निर्मूलन' मानते. लेझरसाठी मात्र तिने १९९८ पासून 'कायमस्वरूपी घट' ही संज्ञा मान्य केली आहे. ठरावीक बैठकांनंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ आणि स्थिरपणे कमी राहणे, असा तिचा अर्थ आहे. एकही केस पुन्हा येणार नाही, असा अर्थ त्यात अभिप्रेत नाही. उरलेले केस बहुधा अधिक बारीक आणि फिकट असतात व काहींना वर्षातून एखादी पूरक बैठक घ्यावी लागते.

केसांची रचना आणि वाढीचे चक्र

प्रत्येक केस त्वचेतील रोमकूपातून उगवतो. रोमकूपाच्या तळाशी केशकंद असतो आणि त्यास रक्तपुरवठा होतो. वरच्या बाजूस, केस ताठ करणारा स्नायू जेथे जोडलेला असतो तेथे, मूळपेशींचा साठा असतो. नवा केस घडवण्याची क्षमता या पेशींत असल्यामुळे केवळ केशकंदाला इजा करून काम भागत नाही. दोन्ही भागांपर्यंत पुरेशी उष्णता किंवा रासायनिक क्रिया पोहोचली, तरच रोमकूप कायमचा निकामी होतो.

केसांची वाढ तीन अवस्थांतून होते : वाढीची, संक्रमणाची आणि विश्रांतीची. डोक्यावरील सुमारे ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. हातपायांवर हे प्रमाण पुष्कळ कमी असते. प्रकाशचिकित्सेचा परिणाम मुख्यतः वाढीच्या अवस्थेतील केसांवर होतो, कारण त्या वेळी केशकंदात रंगद्रव्य भरपूर असते आणि केस मुळाशी जोडलेला असतो. म्हणूनच एका बैठकीत काम संपत नाही. चेहऱ्यासाठी साधारणतः ४ ते ६ आठवड्यांच्या आणि शरीरासाठी ६ ते ८ आठवड्यांच्या अंतराने ६ ते ८ किंवा अधिक बैठका घ्याव्या लागतात.

वस्तरा फिरवल्याने केस जाड व दाट होतात हा समज सर्वत्र रूढ आहे. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यास आधार आढळला नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे तो हाताला खरखरीत लागतो, एवढेच.

इतिहास

केस घालवण्याचे प्रयत्न प्राचीन आहेत. सुश्रुतसंहितेत व्रणावरील साठ उपक्रमांमध्ये लोमापहरणाचा समावेश आहे. शंखाचे चूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग आंबट द्रवात वाटून लावण्याचा योग तेथे सांगितला आहे. हरताळ हे आर्सेनिकचे पिवळे सल्फाइड होय. हस्तलिखितातील चुकीचा मजकूर झाकण्यासाठीही ते वापरत आणि 'हरताळ फासणे' हा मराठी वाक्प्रचार त्यावरूनच आला. पश्चिम आशियातही चुना आणि हरताळ यांचा लेप प्रचलित होता. अशा लेपांनी केस विरघळत, पण मूळ शिल्लक राही आणि आर्सेनिकच्या विषबाधेचा धोका असे.

आधुनिक पद्धतीची सुरुवात डोळ्यांच्या उपचारातून झाली. अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांचे केस विद्युतप्रवाहाची सुई वापरून काढण्याची पद्धत १८७५ मध्ये मांडली. १९२० च्या दशकात फ्रान्समधील लियाँ येथील हेन्री बोर्डिए यांनी उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने उष्णता निर्माण करण्याची पद्धत पुढे आणली. हेन्री सेंट पियरे आणि आर्थर हिंकेल यांनी दोन्ही प्रवाह एकत्र करणाऱ्या यंत्रासाठी १९४५ मध्ये अर्ज केला व १९४८ मध्ये त्यांना एकस्व मिळाले.

या इतिहासाची दुसरी बाजू दुःखद आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका मुलीच्या पाठीवरील केसाळ डाग घालवण्यासाठी त्यांचा वापर केला. १९२० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट गायझर यांच्या 'ट्रायको' पद्धतीची यंत्रे सौंदर्यालयांत बसवण्यात आली. उपचार वेदनारहित आणि निर्धोक असल्याचे सांगितले जाई. प्रत्यक्षात असंख्य स्त्रियांच्या त्वचेवर सुरकुत्या, न भरणारे व्रण आणि पुढे कर्करोगही उद्भवले. त्याच सुमारास 'कोरेम्लू' हे मलम विकले जात होते. त्यात थॅलियम ॲसिटेट हे विष होते. ते वापरणाऱ्या स्त्रियांना पायांतील तीव्र वेदना, अंगातील शक्ती जाणे, दृष्टी अधू होणे असे विकार जडले. अशा प्रकरणांमुळे अमेरिकेत १९३८ चा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा होण्यास बळ मिळाले.

लेझरचा पाया रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वाने घातला. योग्य तरंगलांबीचा आणि योग्य कालावधीचा प्रकाशझोत दिल्यास आजूबाजूच्या ऊतींना इजा न करता केवळ रंगद्रव्य असलेले लक्ष्य तापवता येते, असे हे तत्त्व आहे. केस काढण्याच्या पहिल्या लेझर यंत्रणेला एफडीएने १९९५ मध्ये संमती दिली. घरगुती वापराच्या 'ट्रिया' या लेझर उपकरणास २००८ मध्ये संमती मिळाली.

व्यावसायिक पद्धती

विद्युत अपघटन : अतिशय बारीक सुई केसाच्या कडेने रोमकूपात सरकवून तीतून प्रवाह सोडला जातो. एकदिश प्रवाहाच्या पद्धतीत ऊतींतील मीठ आणि पाणी यांपासून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो रोमकूप नष्ट करतो. उच्च वारंवारतेच्या पद्धतीत उष्णतेने हेच घडते. मिश्र पद्धतीत दोन्हींचा उपयोग होतो. प्रक्रियेनंतर केस चिमट्याने न ओढता अलगद निघून यावा लागतो. केसाच्या किंवा त्वचेच्या रंगावर ही पद्धत अवलंबून नसल्यामुळे पांढऱ्या, भुऱ्या आणि लालसर केसांसाठी तीच उपयोगी पडते. एकेक केस स्वतंत्रपणे हाताळावा लागत असल्याने वेळ फार लागतो. हनुवटीसारख्या लहान जागेचे काम पूर्ण होण्यासही अनेक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ जातो.

लेझर : केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून तापते आणि ती उष्णता रोमकूपाला नष्ट करते. अलेक्झांड्राइट लेझरची तरंगलांबी ७५५ नॅनोमीटर, डायोडची सुमारे ८०० ते ८१० नॅनोमीटर आणि एनडी-याग लेझरची १०६४ नॅनोमीटर असते. तरंगलांबी जितकी अधिक, तितके मेलॅनिनमधील शोषण कमी आणि प्रकाशाचा त्वचेतील प्रवेश खोल. म्हणून सावळ्या व काळ्या त्वचेसाठी एनडी-याग अधिक सुरक्षित मानले जाते. उपचाराच्या वेळी त्वचेचा वरचा थर यंत्राच्या थंड टोकाने किंवा थंड फवाऱ्याने गार ठेवतात.

तीव्र स्पंदित प्रकाश : आयपीएल या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत म्हणजे लेझर नव्हे. दिव्यातून निघणारा साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर तरंगलांब्यांचा मिश्र प्रकाश गाळणीतून सोडला जातो. प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसल्यामुळे गडद त्वचेवर भाजण्याची शक्यता अधिक असते.

घरगुती पद्धती

घरगुती प्रयत्नांत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मोडतात.

पहिली, पारंपरिक उपाय. महाराष्ट्रात तान्ह्या बाळाच्या अंगावरील लव जावी म्हणून कणकेचा गोळा किंवा साय व डाळीचे पीठ चोळण्याची प्रथा आहे. नवजात बालकाची ही लव काही आठवड्यांत आपोआप गळते. त्यामुळे गुण आला असे वाटले, तरी तो वयाचा परिणाम असतो. जोरात चोळल्याने बाळाच्या कोवळ्या त्वचेवर पुरळ उठू शकते. मोठ्यांसाठी सांगितले जाणारे हळद-बेसनाचे उटणे, कच्च्या पपईचा गर किंवा बाजारात मिळणारे मुंग्यांच्या अंड्यांचे तेल यांनी रोमकूप कायमचा नष्ट होत असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही.

दुसरी, घरगुती आयपीएल व लेझर उपकरणे. फिलिप्स, ब्रॉन आदी कंपन्यांची अशी उपकरणे भारतातही विकत मिळतात. प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीच्या हाती सुरक्षित राहावीत म्हणून त्यांतील ऊर्जा व्यावसायिक यंत्रांपेक्षा कमी ठेवलेली असते. अनेक उपकरणांत त्वचेचा वर्ण मोजणारा संवेदक असतो व वर्ण फार गडद आढळल्यास झोत सुटत नाही. गोऱ्या ते गव्हाळ त्वचेवरील काळ्या केसांवर त्यांचा चांगला परिणाम होतो. परंतु ऊर्जा कमी असल्याने अनेक रोमकूप नष्ट न होता काही काळ केवळ निद्रिस्त होतात आणि वापर थांबवल्यावर केस परततात. म्हणून सुरुवातीच्या नियमित वापरानंतरही अधूनमधून वापर चालू ठेवण्याची सूचना उत्पादक करतात. पांढऱ्या, लालसर आणि फिकट भुऱ्या केसांवर ही उपकरणे निरुपयोगी ठरतात.

तिसरी, घरगुती विद्युत अपघटनाचे संच. तत्त्व बरोबर असले तरी स्वतःच्या हाताने, आरशात पाहून, सुई नेमक्या कोनात व नेमक्या खोलीवर नेणे अत्यंत अवघड असते. सुई चुकीच्या जागी गेल्यास केस जात नाही आणि त्वचेवर खड्डा किंवा काळा डाग मात्र राहतो. सुईऐवजी चिमट्याने केस धरून प्रवाह सोडणारी उपकरणे तर तत्त्वतःच सदोष आहेत. केस विजेचा सुवाहक नसल्याने रोमकूप नष्ट करण्याइतका प्रवाह मुळापर्यंत पोहोचत नाही. अशा एका उपकरणाच्या 'कायमस्वरूपी' या दाव्याविरुद्ध अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने दिलेला आदेश तेथील अपील न्यायालयाने १९८९ मध्ये कायम केला.

भारतीय त्वचा आणि धोके

त्वचारोगशास्त्रात फिट्झपॅट्रिक मापनपद्धतीनुसार त्वचेचे सहा प्रकार मानतात. बहुसंख्य भारतीयांची त्वचा चौथ्या व पाचव्या प्रकारात येते. अशा त्वचेच्या वरच्या थरातच मेलॅनिन भरपूर असते. प्रकाशझोताला केसातील आणि त्वचेतील मेलॅनिन यांत भेद करता येत नाही. परिणामी केसाऐवजी त्वचाच तापते आणि फोड, भाजणे, काळे किंवा पांढरे डाग असे दुष्परिणाम होतात. काळवंडलेपणा बहुधा काही महिन्यांत ओसरतो, पण पांढरे डाग व व्रण दीर्घकाळ राहू शकतात. पाश्चात्त्य देशांतील गोऱ्या त्वचेसाठी ठरवलेली मात्रा येथे जशीच्या तशी वापरणे म्हणूनच धोक्याचे असते. उन्हाने रापलेल्या त्वचेवर धोका आणखी वाढतो. शेतात किंवा उन्हात काम करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घेणे आवश्यक असते.

आणखी एक विचित्र दुष्परिणाम म्हणजे प्रकाशचिकित्सेमुळे केस कमी होण्याऐवजी वाढणे. उपचार केलेल्या जागेच्या कडेला बारीक लवेचे जाड केसांत रूपांतर होते. गडद वर्णाच्या व्यक्तींत, चेहरा व मान या भागांत आणि संप्रेरकांचे असंतुलन असलेल्या स्त्रियांत हा प्रकार अधिक आढळतो. रोमकूप नष्ट होण्यास अपुरी, पण उत्तेजित होण्यास पुरेशी ऊर्जा मिळणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. चेहऱ्यावर कमी ऊर्जेची घरगुती उपकरणे वापरताना ही शक्यता दुर्लक्षून चालत नाही.

डोळ्यांभोवतीच्या भागात लेझर किंवा आयपीएल वापरणे वर्ज्य आहे. बुबुळामागील पडद्यातही मेलॅनिन असल्याने पापणी मिटलेली असतानाही दृष्टीस इजा होऊ शकते. व्यावसायिक उपचारात रुग्ण व चालक या दोघांनीही त्या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा वापरणे अनिवार्य मानतात. तीळ, वांग आणि गोंदण यांवरही झोत टाकत नाहीत. तिळावरील उपचारामुळे त्याचे स्वरूप बदलून कर्करोगाचे निदान लांबण्याची भीती असते.

बधिरता आणणाऱ्या मलमांचा अतिरेक जीवघेणा ठरू शकतो. लेझरपूर्वी पायांवर असे मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणींना अमेरिकेत झटके येऊन मृत्यू ओढवला. त्यानंतर एफडीएने २००७ मध्ये जाहीर इशारा दिला. मोठ्या भागावर दाट थर देऊन तो झाकल्यास औषध रक्तात वेगाने शोषले जाते.

विद्युत अपघटनात सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची असावी लागते. अन्यथा रक्तातून पसरणाऱ्या संसर्गांचा धोका असतो.

केस वाढण्याचे वैद्यकीय कारण

स्त्रियांच्या हनुवटी, वरचा ओठ, छाती, पोट अशा भागांवर पुरुषांप्रमाणे जाड केस येण्यास हिर्सुटिझम म्हणतात. त्याची तीव्रता १९६१ मध्ये मांडलेल्या फेरीमन-गॅल्वे गुणांकनाने मोजतात. पीसीओएस किंवा बोलीभाषेत पीसीओडी म्हटला जाणारा अंडाशयाचा विकार हे त्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. अनियमित पाळी, मुरुमे, वजन वाढणे ही सोबतची लक्षणे असू शकतात. या विकारात पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने नवनवीन लवेचे जाड केसांत रूपांतर होत राहते. त्यामुळे जुने रोमकूप नष्ट केले तरी शेजारी नवे केस दिसू लागतात. मूळ विकारावर उपचार न करता केवळ लेझरच्या बैठका घेत राहिल्यास पैसा आणि काळ दोन्ही खर्ची पडतात.

अल्पावधीत, म्हणजे काही महिन्यांत, वेगाने केस वाढणे, आवाज घोगरा होणे, कपाळावरचे केस विरळ होणे अशी लक्षणे एकत्र दिसल्यास अंडाशयातील किंवा अधिवृक्क ग्रंथीतील गाठीची शक्यता तपासावी लागते. घरगुती उपकरणाने केस झाकले गेले, तर ही सूचना नजरेआड होऊ शकते. तज्ज्ञाकडे जाण्याचे हे कदाचित सर्वांत महत्त्वाचे कारण आहे.

औषधोपचारात संप्रेरकांच्या गोळ्या व स्पायरोनोलॅक्टोन यांचा वापर वैद्यकीय देखरेखीखाली होतो. परिणाम दिसण्यास सुमारे सहा महिने लागतात. एफ्लोर्निथिन या मलमाने चेहऱ्यावरील केसांची वाढ मंदावते, मात्र ते थांबवल्यावर सुमारे आठ आठवड्यांत वाढ पूर्ववत होते.

घरगुती आणि व्यावसायिक उपचारांची तुलना

• परिणाम : व्यावसायिक लेझरची घट अधिक टिकाऊ असते. घरगुती उपकरणाचा परिणाम वापर चालू असेपर्यंत चांगला राहतो.
• खर्च : घरगुती उपकरणाचा खर्च एकदाच होतो व घरातील एकाहून अधिक व्यक्तींना ते वापरता येते. व्यावसायिक उपचारात प्रत्येक बैठकीचे शुल्क द्यावे लागते.
• खासगीपणा : संकोचामुळे अनेक जण घरगुती उपाय निवडतात. उपचारकक्षात स्त्री-परिचारिका किंवा स्त्री-डॉक्टर मागण्याचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो.
• त्वचेचा वर्ण : गडद त्वचेवर बहुतेक घरगुती प्रकाश उपकरणे चालत नाहीत किंवा वापरू नयेत. योग्य लेझर असलेल्या तज्ज्ञाकडे उपचार शक्य असतो.
• जागा : पाय, हात व काख येथे घरगुती वापर तुलनेने सोपा आहे. स्त्रियांच्या चेहऱ्यावर तो गालाच्या हाडाखालीच करावयाचा असतो. पुरुषांच्या दाढीच्या भागावर बहुतेक उत्पादक वापर निषिद्ध ठरवतात.
• निदान : केस वाढण्याचे कारण शोधण्याची सोय केवळ वैद्यकीय सल्ल्यातच आहे.

त्वचा उजळ, केस काळे, प्रकृती निरोगी आणि अपेक्षा माफक असेल, तेव्हा घरगुती आयपीएल हा रास्त पर्याय ठरतो. त्वचा सावळी असल्यास, चेहऱ्यावरील केस अचानक वाढलेले असल्यास, जखमेनंतर वाढीव व्रण होण्याची प्रवृत्ती असल्यास अथवा प्रकाशसंवेदनशीलता वाढवणारी औषधे चालू असल्यास आधी त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे हितावह असते. गरोदरपणात हा उपचार सामान्यतः पुढे ढकलला जातो.

व्यावसायिकाची निवड आणि पूर्वतयारी

'व्यावसायिक' या शब्दात सौंदर्यालयातील कर्मचाऱ्यापासून पदव्युत्तर त्वचारोगतज्ज्ञापर्यंत सर्वांचा समावेश केला जातो, पण त्यांच्या प्रशिक्षणात मोठे अंतर असते. चकचकीत दालन किंवा आगाऊ पैसे भरून घेणारी सवलतीची योजना हा कौशल्याचा पुरावा नव्हे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेच्या नियतकालिकात २००८ मध्ये लेझर व आयपीएलने केस कमी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. उपचार करणाऱ्याचे प्रशिक्षण, रुग्णाचे समुपदेशन व लेखी संमती यांवर त्यांत भर आहे.

निवड करताना पुढील बाबी तपासल्या जातात : यंत्र लेझर आहे की आयपीएल आणि त्याची तरंगलांबी कोणती, ते प्रत्यक्ष कोण चालवणार, भाजल्यास तातडीने पाहणारा डॉक्टर उपस्थित आहे काय, आणि संपूर्ण भागावर उपचार करण्यापूर्वी लहानशा जागेवर चाचणी घेतली जाते काय. गडद त्वचेवर परिणाम उशिरा दिसू शकत असल्याने चाचणीनंतर काही दिवस थांबणे इष्ट असते.

लेझरपूर्वी सुमारे चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग व चिमटा टाळावा लागतो, कारण मुळापासून उपटलेल्या केसाच्या जागी प्रकाश शोषणारे लक्ष्यच उरत नाही. वस्तरा मात्र चालतो, किंबहुना बैठकीच्या आदल्या दिवशी केस भादरून येण्यास सांगितले जाते. उपचारानंतर काही आठवडे उन्हापासून बचाव व सनस्क्रीनचा नियमित वापर आवश्यक असतो. एक-दोन दिवस लालसरपणा व रोमकूपांभोवती किंचित सूज येणे स्वाभाविक आहे. फोड, पाणी सुटणे किंवा वाढत्या वेदना मात्र डॉक्टरांना त्वरित दाखवाव्या लागतात. पुढील एक-दोन आठवड्यांत गळणारे केस ही नवी वाढ नसून मृत केस बाहेर पडण्याची क्रिया असते.

हेसुद्धा पाहा

• त्वचा
• मेलॅनिन
• लेझर
• विद्युत अपघटन
• पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम